पेढीवरची चूल

"आजपासून या पेढीत कोणीही उदास असणार नाही!"

हरिहर बेहेरे यांनी हे जाहीर केलं आणि शब्दांना वजन यावं म्हणून उजवा हात मागच्या नारळांच्या ढिगावर ठेवला. ढीग काही जाहीरनाम्याला टेकू म्हणून रचलेला नव्हता. वरचा एक नारळ हलला, त्याने शेजारच्याला हलवलं, आणि बघता बघता अख्खा ढीग गडगडत पेढीभर झाला. थोडे नारळ पायऱ्या उतरून मांडवी बंदराच्या वाटेला लागले. उदासी हद्दपार झाल्यानंतरचा पहिला अर्धा तास पेढीच्या तमाम नोकरवर्गाने रस्त्यावर ओणवं होऊन साजरा केला.

हेडकारकून आत्माराम शेवडे आपल्या बसक्या मेजाखाली शिरलेल्या नारळाच्या मागे लागले होते. नारळ हाताला केव्हाच लागला होता, तरी ते खालीच राहिले. वर आलं की चेहरा करावा लागणार होता, आणि कोणता करावा ते ठरत नव्हतं.

एकोणीसशे एकतीस सालचा मार्गशीर्ष होता. बेहेऱ्यांची पेढी नारळ, सुपारी आणि काथ्याची सुंभं मुंबईला पाठवत असे. तीन पिढ्यांत तिथे भाव, भरती, आगबोट आणि आगबोटीचा उशीर एवढेच विषय निघाले होते. 'उदास' हा शब्द मंडळींनी कीर्तनात ऐकला होता. तिथे तो बुवांनी काढायचा आणि आपण मान डोलवायची अशी वहिवाट होती. मालकाने तो भर सकाळी, कोट घालून, पगारी माणसांसमोर काढावा म्हणजे काय! शिपाई धाकू तर पोटाशी चार नारळ धरून दारातच थिजला होता.

"म्हंजे रविवारी पन यायचं?" त्याने हळूच विचारलं.

हरिहर ग्लासगोला दोरखंडांच्या कारखान्यात राहून ती विद्या शिकून दिवाळीच्या तोंडावर परतला होता. वडील परशुरामपंत गेले तेव्हा तो परतीच्या बोटीवर होता. धक्क्यावर उतरला तो मालक होऊनच उतरला. लहानपणी आत्मारामांच्या मांडीवर बसून त्याने त्यांची दौत सांडली होती, त्यामुळे तो त्यांना अजून काका म्हणे. ते मात्र त्याला आता हरिहरराव म्हणत.

"हिवाळा हा मनाचा शत्रू आहे, काका," एक नारळ रुमालाने पुसत तो म्हणाला. "अंधार, गारठा, कोंडलेली खोली. माणूस आतल्या आत विझत जातो आणि कुणाला पत्ता लागत नाही. कचेरीची मांडणीच अशी पाहिजे की नोकराचं मन उबदार राहील. ती मालकाची जबाबदारी आहे."

आत्मारामांनी मान डोलावली. बाहेर रत्नागिरीचा हिवाळा चालू होता. म्हणजे पहाटे म्हाताऱ्यांनी कानाला पंचा गुंडाळला होता आणि आता तोच पंचा घाम पुसायला काढला होता.

दुपारी हरिहरने एकेकाला आपल्या खोलीत बोलावलं. पहिला मान हेडकारकुनाचा.

"काका, तुमचं मन कसं आहे?"

आत्मारामांना आयुष्यात पुष्कळ प्रश्न विचारले गेले होते. गोत्र कुठलं, पोट साफ आहे का, बोट लागली का. हा प्रश्न पहिल्यांदाच आला. भर बाजारात कुणी अंगातला सदरा ओढून काढावा तसे ते दचकले आणि त्यांनी नकळत कोटाचं वरचं बटण लावलं.

"मन ठीक आहे," ते म्हणाले. "गुडघा दुखतो."

त्यांचा गुडघा उत्तम होता. त्याच गुडघ्यावर ते दर मंगळवारी भगवतीच्या देवळाचा चढ चढून जात.

दुसरा कारकून हरिश्चंद्र सुर्वे आत गेला आणि लगेच बाहेर आला.

"काय सांगितलंत हो?" आत्मारामांनी खालच्या आवाजात विचारलं.

"सांगितलं, मन मी घरी ठेवून येतो. इथे नारळ मोजायला लागत नाही."

"मग? हसले?"

"छे! मला वाटलं हसतील. तर डोळे असे केले, जसं काही मी कुणी मेल्याची बातमी दिली."

आत्मारामांच्या गुडघ्याची खरी गोष्ट निराळीच होती आणि ती त्यांनी बायकोलाही कधी सांगितली नव्हती. दर वर्षी पौषाच्या सुमारास त्यांना काहीतरी होई. ताप नसे, कळ नसे. फक्त सकाळी उपरणं खांद्यावर टाकायचं तर हात वर जात नसे. घरातली बोलणी विहिरीच्या तळातून आल्यासारखी ऐकू येत. जेवण चवीचं आहे हे कळे, पण ते दुसऱ्या कुणाला तरी कळतंय असं वाटे. याला नाव नव्हतं. नाव नसलेली गोष्ट घरात सांगता येत नाही, म्हणून त्यांनी तिला गुडघा म्हणायला सुरुवात केली होती.

आणि यावरचा उपायही त्यांना सापडलेला होता. तो पेढीच्या पडवीत होता.

पेढीची इमारत जांभ्या दगडाची, पावसाळा डोळ्यांसमोर ठेवून बांधलेली. छप्पर इतकं खाली उतरलेलं की आत दिवसासुद्धा कंदील लागावा. म्हणून दिवाळी झाली की कारकून मंडळी आपापली मेजं उचलून पूर्वेच्या पडवीत येत. सकाळचं तिरपं ऊन तेवढं तिथे शिरे. ऊन सरकलं की मेजं सरकत. कोपऱ्यातून खांबाशी, खांबाकडून पायरीशी. हे कुणी ठरवलेलं नव्हतं आणि कुणी कधी मोडलेलंही नव्हतं. पूर्वेच्या टोकाची जागा आत्मारामांची. पाठीवर ऊन, शेजारी हरिश्चंद्र, आणि हरिश्चंद्राची म्हैस. म्हैस अर्थात गोठ्यात असे, पण तिचा सगळा कारभार पेढीवर चाले. आज दूध चोरलं, काल कुणाच्या मळ्यात शिरली, परवा रुसली. आत्माराम लिहिता लिहिता 'हं' म्हणत. अशी काही आठवडे पाठ शेकून निघाली की एका सकाळी हात आपला आपण वर जाई आणि उपरणं खांद्यावर पडे. शिमग्याला गुडघा बरा झालेला असे.

हरिहरने पहिला हात घातला तो पडवीलाच.

"माणसं अशी उघड्यावर बसवायची म्हणजे अमानुषपणा आहे," तो म्हणाला. "आपण पडवी बंद करू. काचेची तावदानं बसवू, म्हणजे उजेड आत आणि गारठा बाहेर. आणि या पूर्वेच्या टोकाला फायरप्लेस."

"म्हणजे काय?"

"भिंतीत चूल, काका. शेकायला."

आत्मारामांनी लेखणी दौतीऐवजी पाण्याच्या भांड्यात बुडवली आणि तशीच लिहायला घेतली. कागदावर काही उमटेना हे त्यांच्या बऱ्याच वेळाने लक्षात आलं.

बोलायला हवं होतं. 'नको' एवढंच. पण का नको, असं विचारलं तर? मालकाला काय सांगायचं, की मला ऊन लागतं? माणूस आहे की वाळवणाचा पापड? आणि ऊन कशाला लागतं, हे पुढे विचारलं म्हणजे? आत्माराम गप्प बसले आणि गवंडी आला.

भागोजी गवंड्याने देवळं बांधली होती, विहिरी बांधल्या होत्या, गुहागरच्या एका सावकाराला चोरकप्पासुद्धा करून दिला होता. त्याने जागा बघितली, माप घेतलं.

"चूल भितीत करायची. बरं. शिजवनार काय?"

"काही नाही," हरिहर म्हणाला.

भागोजी बराच वेळ ओळंबा हातात धरून उभा राहिला. ओळंबाही हलायचा थांबला.

"म्हंजे जाळायचं नि बगत बसायचं?"

"हो."

"बरं," भागोजी म्हणाला, आणि कामाला लागला. पण त्या दिवसापासून तो हरिहरशी बोलताना आवाज मऊ ठेवू लागला, आजारी माणसाशी ठेवतात तसा.

"चूल आली," हरिश्चंद्र म्हणाला. "आता पाटा-वरवंटा येईल. मग आपण दोघे मसाला वाटायला."

धुराडं छपरातून वर निघालं तेव्हा बेहेऱ्यांनी पावाची भट्टी काढल्याची बातमी बाजारात झाली. बेहेऱ्यांच्या कुळात पाव! दोन वृद्ध नातलग आंजर्ल्याहून खातरजमा करायला आले, आणि चूल रिकामी पाहून आणखीच हादरले. पाव असता तर प्रायश्चित्त सांगता आलं असतं. रिकाम्या चुलीविषयी शास्त्रात काही नव्हतं. ते न जेवता परत गेले.

तावदानं बसली. ती उघडत नव्हती, कारण उघडली तर गारठा येईल. पहिल्या दिवशी चूल पेटली आणि थोड्याच वेळात काचेच्या पडवीत मंडळी उकडून निघाली. बिलांवर घामाचे थेंब पडू लागले. हरिश्चंद्राने टोपी काढली, मग उपरणं काढलं, आणि पुढे काय काढावं याचा विचार करत थांबला. म्हशीविषयी तो काही बोलेना. तेवढ्या उकाड्यात म्हशीविषयी बोलायलासुद्धा श्वास पुरत नव्हता.

आत्मारामांच्या जागेवर, जिथून सूर्य वर यायचा नेमका तिथे, धुराडं उभं होतं. त्याच्या सावलीत त्यांचं मेज. एका बाजूने ते शेकत होते आणि दुसऱ्या बाजूने विझत होते.

पौष लागला. हात वर जाईना.

"गुडघा का?" त्यांच्या बायकोने, उमाने, विचारलं. ती तेलाची वाटी घेऊन जमिनीवर बसली.

"हं."

दोन दिवस त्यांनी डावा गुडघा पुढे केला होता. त्या संध्याकाळी उजवा पुढे आला. उमाचा हात क्षणभर थांबला. मग ती उजव्याला तेल लावू लागली, फार सावकाश, जणू काही दुखणाऱ्या जागेचा ठाव तिला आधीच लागला होता. त्यांनी पाय मागे घेतला.

त्या आठवड्यात त्यांनी मुंबईच्या व्यापाऱ्याला सुपारीऐवजी सुंभ पाठवलं. सगळ्या नोकरीतली ती पहिली चूक. कुणी रागावलं नाही. हरिहरने उलट त्यांना चुलीजवळ सरकायला सांगितलं. तेव्हा त्यांनी ठरवलं, नोकरी सोडायची. ठरवल्यावर ते स्वतःच इतके हबकले की रस्त्यात उभे राहिले आणि मागून येणारा बैलगाडीवाला ओरडला तेव्हा बाजूला झाले. घरात चार तोंडं होती. पण त्या धुराड्याच्या सावलीत आणखी एक महिना काढला तर आपलं काय होईल, ते त्यांना दिसू लागलं होतं, आणि त्याची भीती नोकरी जाण्यापेक्षा मोठी होती.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी, उजाडता उजाडता ते पेढीवर गेले. वाक्य तयार होतं. गुडघ्याने आता होत नाही, मला मोकळं करा.

आत चूल धडधडत होती. तावदानांवर वाफ धरली होती. चुलीपुढे चौरंगावर हरिहर बसला होता. अंगात ग्लासगोचा पायघोळ ओव्हरकोट, गळ्याला मफलर, हातात लोकरीचे मोजे. हात जाळाच्या इतके जवळ की लोकरीचा जळकट वास येत होता. हनुवटीवरून घाम टपटपत होता. आणि तो थरथरत होता.

आत्माराम उंबऱ्यातच थबकले. तोंडातलं तयार वाक्य कुठे गेलं ते त्यांना कळलं नाही.

"काका, दार लावा," मागे न बघता हरिहर म्हणाला. "वारा येतोय."

बाहेर माडाची एक झावळी हलत नव्हती.

"हरिहरराव, ताप आहे का?"

"लाकडं ओली आहेत. ऊब येतच नाही बघा."

आंब्याचं खडखडीत वाळलेलं सरपण तडतडत फुटत होतं. आत्माराम पुढे गेले आणि त्यांनी त्याच्या कपाळावर हात ठेवला. मालकाच्या कपाळाला हात लावतोय हे त्यांना हात ठेवल्यावर समजलं. ताप नव्हता. घाम गार होता.

"रोज येता असे? इतक्या लवकर?"

"कुणी यायच्या आत. नंतर बरं असतं, सगळे असतात." तो जाळाकडे बघत राहिला. मग त्याच आवाजात बोलू लागला. "तिथे कारखान्याच्या कचेरीत माझ्या शेजारी एक म्हातारा कारकून बसायचा, काका. दोन हिवाळे. त्या खोलीला खिडकी नव्हती. काळोखात जायचं, काळोखात परत यायचं. मी त्याला गुड मॉर्निंग म्हणायचो, तो मला म्हणायचा. त्याचं कोपर माझ्या कोपराला लागायचं, इतकं जवळ. एक दिवस आला नाही. दुसऱ्या दिवशी त्या खुर्चीत दुसरा माणूस."

"आजारी पडला?"

"नदीत सापडला."

लाकूड सरकलं, ठिणग्या उडाल्या. आत्मारामांनी भिंतीचा आधार घेतला. भिंत चटका देण्याइतकी तापली होती, तरी हात काढायचं त्यांना सुचलं नाही.

"पोलीस आला. म्हणाला, तुम्ही शेजारी बसत होता, त्याच्या बोलण्यात काही आलं होतं का." हरिहर थांबला. "मला त्याचं नाव माहीत नव्हतं, काका. तेव्हापासून हा गारठा जात नाही. इथल्या धक्क्यावर उतरलो, हमाल घामाने निथळत होते आणि मला हुडहुडी. तिथेच बाबांची बातमी सांगितली. माझे दात वाजत होते. लोकांना वाटलं मी रडतोय."

आत्मारामांना हरिश्चंद्र आठवला. आयुष्य गेलं शेजारी बसून. त्याच्या म्हशीचं नाव सगुणा हे त्यांना माहीत होतं. बायकोचं?

आणि आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. पेढीवर सगळ्यांना तो प्रश्न विचारून झाला होता. एकच माणूस राहिला होता. त्यांनी दोनदा तोंड उघडलं. असा चार शब्दांचा प्रश्न इतका जड असतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. या पोराने तो पेढीतल्या एकेकाला विचारला आणि आपण मेजाखाली लपून राहिलो.

"हरी," ते म्हणाले. "तुझं मन कसं आहे?"

हरिहरने पहिल्यांदा मान वळवली. त्याने आत्मारामांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग खाली, त्यांच्या धोतराकडे, आणि पुन्हा वर.

"ठीक आहे," तो म्हणाला. "गुडघा दुखतो."

आत्माराम खाकरले. मग ओणवं होऊन त्यांनी आपलं मेज उचललं, काचेच्या पडवीतून बाहेर नेलं आणि पेढीपुढच्या अंगणात, खळ्यात ठेवलं. खळं नुकतंच चोपून सारवलेलं होतं. धुराड्याला वळसा घालून सूर्य तिथे येऊन पोहोचला होता. ते आत परतले आणि त्यांनी हरिहरच्या ओव्हरकोटाची बाही धरली, पूर्वी दौतीपासून दूर ओढायला धरत तशी.

"असं नाही. तोंड तिकडे. ऊन पाठीवर घ्यायचं."

"काही होतं का त्याने?"

"बस तर खरं. एका दिवसात नाही होत. शिमगा उजाडतो."

हरिश्चंद्र आला तेव्हा त्याने पाहिलं ते असं: मालक ओव्हरकोटात, सारवलेल्या जमिनीवर मांडी घालून, शेजारी हेडकारकून, दोघांची पाठ सूर्याला, दोघंही गप्प. हरिश्चंद्राची छत्री हातातून गळून पडली.

"कोण गेलं?" त्याने विचारलं.

"कोणी नाही. बसा," आत्माराम म्हणाले. "सुर्वे, तुमच्या मंडळींचं नाव काय हो?"

"काय?"

"बायकोचं. नाव."

हरिश्चंद्र कानापर्यंत तांबडा झाला. त्याने मालकाकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, कुणी ऐकत नाही ना ते बघितलं. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. पुढे ते नाव त्याच्या तोंडून चारचौघांत निघालं नव्हतं.

"हे काय विचारणं झालं, सकाळी सकाळी!"

"सांगा."

"मालन," तो पुटपुटला, आणि एकदम मट्कन खाली बसला. मग त्याने घाईने विषय बदलला.

"काल सगुणाने काय केलं ठाऊक आहे?" तो म्हणाला. "दावं तोडलं आणि सरळ पोस्टमास्तरांच्या अंगणात. त्यांचं धोतर वाळत घातलेलं..."

"हं," आत्माराम म्हणाले.

"कोण सगुणा?" हरिहरने विचारलं.

"अहो, म्हैस!" आपल्या म्हशीला न ओळखणारा माणूस रत्नागिरीत अजून आहे याचा हरिश्चंद्राला मोठाच धक्का बसला, आणि तो पहिल्यापासून सांगू लागला. म्हशीच्या आईपासून. हरिहर ऐकत होता. मध्येच कधीतरी त्याने डाव्या हाताचा मोजा काढला आणि मांडीवर ठेवला. उजवा तसाच होता.

आतमध्ये चूल एकटीच धडधडत होती. धाकू झाडू हातात घेऊन तिच्यापुढे बराच वेळ उभा राहिला. मग बाहेर आला, खळ्याच्या कडेला थांबला, आणि म्हशीची गोष्ट श्वास घ्यायला थांबेपर्यंत अदबीने वाट बघत राहिला.

"साह्येब," तो म्हणाला, "वायच इच्यारू? आत चूल फुकट जळत्येय. चार रताळी टाकू काय?"